आघातरोधी मिश्र-पॉलिमर फेस

दोन किंवा अधिक पॉलिमर एकत्र करून त्यांत वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडून तयार केलेला उष्णतारोधक पदार्थ. शीतसाखळीतील पेट्या, शीतगृहे, द्रवरूप वायूंच्या टाक्या अशा ठिकाणी थंडी टिकवायची असते आणि आदळआपटही सोसायची असते; तिथे तो उपयोगी पडतो.

थर्माकोल, म्हणजे एकट्या पॉलिस्टायरीनचा फेस, हा अशा कामांसाठीचा स्वस्त पर्याय. त्याच्या घनफळात सुमारे ९८ टक्के हवा असते, आणि उष्णता अडते ती मुख्यतः या कोंडलेल्या हवेमुळे. मात्र पॉलिस्टायरीन १०० °से.च्या खाली काचेसारखे कडक व ठिसूळ असते. मासळीची पेटी कोपऱ्यावर पडली की पांढरे मणी सुटतात ते म्हणूनच. पॉलिएथिलीन उणे १०० °से.पर्यंतही पुरते काचरूप होत नाही, पण ते मऊ असते आणि त्याच्या पेशीभित्तींतून, म्हणजे बुडबुड्यांच्या भिंतींतून, वायू लवकर निसटतो.

दोन्हींचे गुण एकत्र हवे असतात, पण हे दोन पॉलिमर एकमेकांत मिसळत नाहीत. नुसते एकत्र वितळवले तर तडा नेमका त्यांच्या सीमेवरून धावतो, म्हणून प्रमाणापेक्षा ही सीमा सांधणे महत्त्वाचे. त्यासाठी स्टायरीन व रबर यांचे खंड जोडलेले सहबहुवारिक (कोपॉलिमर) घालतात, किंवा पॉलिएथिलीनच्या मण्यांत स्टायरीन मुरवून आतच त्याचे पॉलिमर बनवतात आणि मग पेंटेनने मणी फुगवतात. मिश्रणातले रबराचे कण तड्याची ऊर्जा अनेक सूक्ष्म भेगांत वाटून देतात. अडचण अशी की फेसातील पेशीभित्ती काही मायक्रोमीटरच जाड असते. कण तेवढाच मोठा असला तर भित्ती फाटते, पेशी उघडी पडते आणि रोधनच जाते.

आघातचाचणी वापराच्या तापमानालाच घ्यायला हवी. खोलीच्या तापमानाला चिवट वाटणारे पॉलिप्रॉपिलीन ० °से.च्या आसपासच ठिसूळ होऊ लागते. खोल थंडीत आणखी एक बदल होतो: पेशींतला पेंटेन द्रवरूप होऊन आतला दाब घटतो.

फेसाचा तुकडा सुटणे किती घातक ठरू शकते, हे कोलंबिया अवकाशयानाच्या अपघाताने दाखवले. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील पॉलियुरेथेन फेसाचा पाऊण किलोचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. हा फेस मिश्र नव्हता. हाताने फवारलेल्या अशा फेसाची कापून तपासणी केली तेव्हा आत पोकळ्या व दोष आढळले.