माझी पद्मिनी

मित्रांनो, भेटलो की तुम्ही विचारता, "ती पद्मिनी अजून विकली नाहीस?" वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची ही कुर्ल्याची गाडी, इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टीअरिंगलाच. जूचंद्रच्या मिठागरांवरची खारी हवा पत्रा खाते, त्यामुळे दर पावसाळ्यानंतर वेल्डिंग आणि रंग ठरलेलाच. सुटे भाग मात्र स्वस्तात मिळत, कारण मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी धावत होत्या. माझी हौस खरं तर त्या काळ्यापिवळ्यांनीच पोसली. २००३ साली नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. आता साध्या कार्ब्युरेटरसाठी दोन महिने हिंडतोय. संमेलनाला गाडी आणायचा शब्द दिलाय खरा. ढकलायला चौघं तयार राहा.