धुक्याची साक्ष : लघुकथेंतील वातावरण व अपराधी मन

आषाढ-श्रावणांत इगतपुरीच्या स्टेशनावर दहा हातांवरचा मनुष्य कित्येकदां ओळखूं येत नाहीं. थळ घाटांतून वर चढलेलें धुकें फलाटभर पसरतें, पागोळ्यांची धार तुटत नाहीं, आणि सिग्नलचा खांब न दिसतां त्याचा तांबडा रंग तेवढा हवेंत लोंबकळत राहतो. समजा, अशा वेळीं तेथें दोन उतारू उभे आहेत. एक सासरहून येणाऱ्या मुलीची वाट पाहत आहे. दुसऱ्यानें मालकाच्या पेटींतील रक्कम उचलली आहे. पहिल्याला धुकें म्हणजे गाडीचा उशीर. दुसऱ्याला तेंच धुकें घटकाभर आडोसा वाटतें आणि पुढच्याच क्षणीं त्यांतून कोणी तरी आपल्याकडे चालत येत आहे असा भास होतो. हवा एकच, मनें दोन. लघुकथेंतील वातावरणाचें मर्म या फरकांत आहे.

भारतीय शास्त्रकारांना हें अपरिचित नव्हतें. भरताच्या नाट्यशास्त्रांत भयानक रसाचीं कारणें सांगतांना ओसाड घर, अरण्य, कोल्ह्याघुबडांची धास्ती यांचा उल्लेख येतो. आणि त्याच पंक्तीला गुरूचा वा राजाचा केलेला अपराधही बसविलेला आहे. भयाचे तीन प्रकार पाडतांना अपराधांतून उपजणाऱ्या भयाला तेथें स्वतंत्र स्थान मिळालें आहे. बाहेरचें घुबड आणि आंतलें दुष्कृत्य एकाच यादींत यावें, ही सूक्ष्म दृष्टि होय.

पश्चिमेकडे लघुकथेनें हें सूत्र हातीं धरलें तें एकोणिसाव्या शतकांत. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याची ‘टेल-टेल हार्ट’ ही गोष्ट १८४३ सालीं प्रसिद्ध झाली. खुनी मनुष्य पोलिसांना त्याच खोलींत बसवून गप्पा मारतो. फळ्यांखालीं मृताचें काळीज धडधडत असल्याचें त्याला ऐकूं येतें, आणि अखेर तो स्वतःच कबुली देतो. पोलीस मात्र शांतपणें बोलत बसलेले असतात. खोली तीच, पण तिचा आवाज ऐकणारा एकटाच.

दुसरें उदाहरण घाटाखालच्या-वरच्या लोकांना अधिक जवळचें वाटेल. १ जानेवारी १८६५ रोजीं कसाऱ्याहून थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीस आली. सदतिसांत एक अशा चढणीवर, बोगद्यांतून व दऱ्यांवरील पुलांवरून गाडी नेणें म्हणजे गार्ड, पॉइंट्समन, सिग्नलवाला या साध्या माणसांच्या जागरूकतेवर शेंकडों जीव सोंपविणें होतें. त्याच वर्षीं ९ जून रोजीं इंग्लंडांत स्टेपलहर्स्ट येथें दुरुस्तीसाठीं रूळ काढलेल्या पुलावर गाडी येऊन कोसळली. मुकादमानें वेळापत्रक चुकीचें वाचलें होतें. दहा माणसें मेलीं. त्या गाडींत चार्लस् डिकन्स होता. जखमींची शुश्रूषा त्यानें स्वतः केली. १८६६ च्या नाताळांत त्यानें ‘सिग्नलमन’ ही गोष्ट लिहिली.

त्या गोष्टींतील सिग्नलवाल्यानें कोणाचा खून केलेला नाहीं. तारुण्यांत मिळालेली संधि वायां घालवल्याची खंत त्याला आहे. आणि पुढें होणाऱ्या अपघाताची सूचना मिळूनही तो टाळतां येत नाहीं, ही त्याची खरी यातना आहे. तो घाबरला होता, हें डिकन्स निराळें सांगत बसत नाहीं. ओलसर कातळाच्या भिंती, बोगद्याचें काळें तोंड, तांबडा दिवा, वाऱ्यांत कण्हणाऱ्या तारा—एवढ्यांवरच तें काम झालें आहे.

मराठींत हा प्रवास सावकाश झाला. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ सुरू केलें आणि मराठी गोष्टीला घरोघर वाचक मिळाला. पण त्या काळच्या बहुतेक गोष्टींत पश्चात्तापाचें निवेदन लेखकच करी आणि बोधही तोच देई. १९२२ सालीं दिवाकर कृष्णांची ‘अंगणांतला पोपट’ ही गोष्ट आली, आणि घटनेपेक्षां मनाच्या व्यथेकडे लक्ष वळलें. १९४५ नंतरच्या नवकथेनें तो मार्ग रुंद केला. पुढें जी. ए. कुलकर्णी यांनीं तो फार खोल नेला. त्यांच्या संग्रहांचीं नांवेंच पाहावींत : ‘काजळमाया’ (१९७२), ‘सांजशकुन’ (१९७५), ‘पिंगळावेळ’ (१९७७). काजळी, कातरवेळ, पहांटेपूर्वीचा अंधार—पात्र बोलण्यापूर्वींच प्रहर बोलूं लागतो.

नवशिक्या लेखकाची येथें एक चूक होते. तो पानभर पाऊस पाडतो आणि वातावरण साधलें असें समजतो. परंतु भिणारें मन नसेल तर तो पाऊस पंचांगांतला पाऊस राहतो. उघडकीस आलेल्या गुन्ह्याला न्यायालय आहे, कबूल केलेल्या पापाला प्रायश्चित्त आहे. कोणीच न पाहिलेल्या अपराधाला मात्र साक्षीदार नसतो. लघुकथा त्याच्यासाठीं भिंत, दिवा, वारा यांना साक्षीला उभें करते.

इगतपुरीच्या फलाटावर गाडी आली. मुलगी उतरली, बापानें गांठोडें घेतलें, दोघें बाहेर पडलीं. दुसऱ्या उतारूकडे कोणीं पाहिलेंही नाहीं. तो डब्यांत चढला, आणि खिडकीची कांच त्यानें वर ओढून घेतली.