लंडनमध्ये मय्यतीला गुस्ल कोण देणार?

आपल्याकडे मय्यत झाली की गुस्ल, कफन, जनाजा सारं मोहल्ला सांभाळतो. त्यासाठी दुकान असतं, हेच आपल्याला चमत्कारिक वाटतं. पण परमुलुखात मोहल्ला कुठून आणायचा?

सिल्हेटहून ब्रिटनला गेलेल्या हाजी तसलीम अलींनी 1960 साली ईस्ट लंडन मशिदीच्या आधाराने दफनविधीचं काम सुरू केलं. मशीद तेव्हा कमर्शियल रोडवरच्या घरांत होती. बायकांच्या गुस्लची जबाबदारी त्यांच्या वेल्श पत्नी मरियम यांनी उचलली. या इतिहासात मला त्याच मोठ्या वाटतात. पुढे मुलाने काम हाती घेतलं. मशीद 1985 मध्ये व्हाइटचॅपल रोडवर आली.

पहिल्या पिढीतल्या अनेकांची मय्यत विमानाने सिल्हेटला जाई. पुढच्या पिढ्यांच्या कबरी मात्र लंडनजवळच आहेत. तिथलं गार्डन्स ऑफ पीस हे कब्रस्तान 2002 मध्ये सुरू झालं.