देवमाशाचे गाणे आणि तीन वाद्ये

देवमासा गातो असे कोणी म्हटले तर आपण हसाल. वर्गातली मुले तर गुरुजींनाच हसतील! पण ही हकिकत खरी आहे.

बर्म्युडा बेटाजवळ फ्रँक वॉटलिंग्टन नावाचा इंजिनियर अमेरिकन आरमारासाठी समुद्राच्या पोटातले आवाज टिपत असे. त्यात त्याला कुबड्या देवमाशांचे आवाज सापडले. ते ऐकून शिकारी माग काढतील, या भीतीने त्याने ते जपून ठेवले. पुढे त्याने ते रॉजर पेन या शास्त्रज्ञाच्या हाती दिले. पेन आणि त्याच्या सोबत्यांना दिसले की, हे नुसते ओरडणे नव्हे. ठरलेले तुकडे ठरलेल्या क्रमाने फिरून येतात, भजनात ध्रुपद यावे तसे. १९७० साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि घराघरांत वाजू लागली. देवमाशांची शिकार थांबवा, असे म्हणणाऱ्यांना तिने मोठे बळ दिले. धंद्यासाठी होणारी ही शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव १९८२ साली झाला, आणि तो १९८६ पासून लागू झाला.

असेच एक ध्वनिमुद्रण अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम याने १९६९ साली ऐकले होते. १९७१ मध्ये त्याने फ्लूट, चेलो आणि पियानो यांच्यासाठी ‘व्हॉक्स बालेने’ रचले. नाव लॅटिन आहे, अर्थ ‘देवमाशाचा आवाज’.

आता वाजवणाऱ्यांची कसरत पाहा. फ्लूटवाल्याने फुंकता फुंकता त्याच फ्लूटमध्ये गायचे. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि माणसाचा गळा ओळखू येईनासा होतो. चेलो म्हणजे गुडघ्यांत उभे धरून गजाने वाजवायचे वाद्य. त्याच्या तारांवर बोट हलके टेकून खाली सरकवत नेले, की समुद्रपक्षी ओरडल्याचा भास होतो. पियानोवाला तर झाकण उघडून आतल्या तारांनाच हात घालतो. कधी काचेची कांडी, कधी कागदाला लावायची क्लिपसुद्धा! तिन्ही वाद्यांपुढे ध्वनिवर्धक असतो, म्हणून बारीकसा स्पर्शही ऐकू येतो. मधल्या भागांना पृथ्वीच्या प्राचीन युगांची नावे दिली आहेत.

मला विचाराल तर, क्रमने देवमाशाची हुबेहूब नक्कल केली नाही हेच बरे. तशी केली असती, तर ती जत्रेतल्या खेळाइतकीच टिकली असती.

वादक काळे अर्धमुखवटे घालतात. जमल्यास रंगमंचावर निळा प्रकाश ठेवावा, असे क्रमने लिहून ठेवले आहे. शेवटी एकच लहानशी सुरावट पुन्हा पुन्हा येते, दर वेळी अधिक हळू. अखेरच्या वेळी वादकांचे हात वाजवल्यासारखे हलतात, पण आवाज मुळीच येत नाही.