मटणाचा वाटा

परवा पुण्यात सुपरमार्केटमधून मटणाचं पाकीट आणलं. वजन, तारीख, किंमत, सगळं छापलेलं. आणि मेहकरकडचं आमचं गाव आठवलं.

त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाडा'त (१९१५) बलुतेदारांमध्ये मुलाणीही आहे. बकरं हलाल करायचं काम त्याचं, मोबदला सुगीच्या धान्यात. माझ्या लहानपणी बलुतं संपलं होतं, रीत मात्र उरली होती. रविवारी चाचा पळसाच्या पानांवर सारखे वाटे घालायचे. प्रत्येकात थोडी कलेजी, थोडं हाड. आमचे पैसे कापूस विकल्यावर.

एकदा ते बाबांना हळूच म्हणाले, "भाऊ, आज नोका घेऊ, बोकड जून हाये." पुढच्या रविवारी पुन्हा तोंड दाखवायचं होतं ना!

पाकीट सगळं सांगतं, पण 'नका घेऊ' म्हणत नाही. चाचांचा ओटा आता बंद आहे. गाव सोडून तर मीच आलो... तक्रार कुणाकडे करू?