स्वयंपाकघराचे कपाट कुणाच्या मापाचे?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या स्वयंपाकघरातली कपाटे स्वतः करायला घेतली. सुताराने सांगितलेला आकडा शिक्षकाच्या पगाराला झेपणारा नव्हता, हे एक कारण. दुसरे कारण असे, की बी.एड.ला असताना कार्यानुभवात मी एक स्टूल केले होते आणि ते अजून मोडलेले नाही. माणसाला बिघडवायला एवढे यश पुरते.

आठवडाभर आलेखाच्या वहीत नकाशा काढला. ओटा सगळीकडे ३४ इंच उंच, खाली ड्रॉवर, वर दारांची कपाटे. कागद अम्मीपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "पैले मेरे कू नाप, बाद में लकडी नाप."

मी ३४ इंच कुठून आणले होते? एका दुकानातल्या माहितीपत्रकातून. त्या पत्रकाने कुठून आणले, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. तो पडला आणि मी करवत बाजूला ठेवून वाचायला बसलो.

आपल्याकडे जुन्या घरांत असे एकसंध कपाट नव्हतेच. भिंतीत कोनाडा, छताला शिंकाळे, भांड्यांना मांडणी, फार तर एक फडताळ. आमच्या घरी होता नेमतखाना. लाकडी चौकट, चारी बाजूंनी बारीक जाळी, आत दोन फळ्या आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. दूध, सालन, उरलेल्या चपात्या त्यात राहत. नेमत म्हणजे अल्लाहने दिलेली देणगी; ती ठेवायची जागा तो नेमतखाना. उर्दूच्या तासाला हा शब्द आला की आजची मुले माझ्याकडे नुसती बघत राहतात.

शब्द इथे बरेच सांगून जातात. संस्कृतात 'कपाट' म्हणजे दाराची फळी. मराठीत त्या दारामागची सगळी वस्तूच कपाट झाली. 'अलमारी' आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आली. तिचे मूळ लॅटिन 'आर्मारियम', म्हणजे हत्यारे-अवजारे ठेवण्याची जागा. इंग्रजी 'कबर्ड' म्हणजे मुळात पेले मांडायची उघडी फळी. मसाल्याचे डबे या सगळ्यात फार उशिरा शिरले.

स्वयंपाक करणारीच्या हालचाली बघून सामानाची जागा ठरवावी, हा विचार १८६९ मध्ये अमेरिकेत कॅथरीन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टोव्ह यांच्या पुस्तकात नीट मांडलेला सापडतो. ('अंकल टॉम्स केबिन' लिहिणारी ती हीच हॅरिएट.) त्यांनी आगबोटीवरच्या भटारखान्याचा दाखला दिला: एवढ्याशा जागेत एक आचारी केवढ्या लोकांना जेवू घालतो! त्यांच्या आराखड्यात पिठाचे पिंप ओट्याखाली आणि पीठ मळायची फळी तिथेच, शेजारी. पुढे १९१३ मध्ये क्रिस्टीन फ्रेडरिकने कारखान्यातले पावले आणि मिनिटे मोजायचे शास्त्र घरात आणले. तिच्या पुस्तकाचे १९२२ मध्ये जर्मन भाषांतर झाले आणि ते मार्गारेटे लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुविशारद बाईच्या हाती पडले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने अर्न्स्ट माय याच्या हाताखाली कामगारांसाठी हजारो घरे बांधायला काढली आणि स्वयंपाकघराचे काम १९२६ मध्ये लिहोत्स्कीकडे आले. तिने नमुना घेतला रेल्वेच्या डायनिंग कारचा. खोली १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फूट. खिडकीखाली कामाचे टेबल, त्यात कचरा ढकलायचा काढता ड्रॉवर, बसायला फिरते स्टूल, धुतलेल्या ताटल्या निथळायला लाकडी जाळी, भिंतीला दुमडून ठेवायची इस्त्रीची फळी. पिठाचा डबा ओकच्या लाकडाचा, कारण त्यात अळी होत नाही. साखर, तांदूळ अशा जिनसांसाठी ओळीने ॲल्युमिनियमचे लहान खण, पुढे मूठ आणि ओतायला चोच. रंग निळसर हिरवा, कारण त्यावर माशी बसत नाही असा तेव्हा समज होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची वंशावळ काढली तर ती इथे पोचते.

पण तक्रारी झाल्या. खोलीत दोन माणसे एकत्र काम करू शकत नव्हती. टेबलाभोवती बसायची सवय असलेल्या कुटुंबांना टेबल ठेवायला जागाच उरली नाही. ते सुंदर खण लहान मुलांच्या हाताशी येत आणि मुले त्यात हात घालत. आणि लिहोत्स्कीने स्वतःच पुढे सांगून टाकले, की हे काम करण्याआधी तिने ना कधी घर चालवले होते, ना स्वयंपाक केला होता. बाईचे दुखणे बाईलाच कळणार, असे म्हणून त्या वेळी तिची जाहिरात झाली होती, ती मात्र चालूच राहिली.

मी तिला हसत नाही. ही बाई नंतर सोव्हिएत संघात गेली, १९३८ पासून इस्तंबूलमध्ये काम केले, नाझींविरुद्धच्या गुप्त चळवळीसाठी व्हिएन्नाला परतली, १९४१ मध्ये पकडली गेली आणि १९४५ पर्यंत तुरुंगात राहिली. २००० साली गेली, तेव्हा १०३ व्या वाढदिवसाला काही दिवसच उरले होते. कामगार बाईचे श्रम वाचावेत, हीच तिची तळमळ होती. तरी तिच्या कागदावर उभी होती ती एकटी बाई. आगबोटीवरचा आचारी एकटा, डायनिंग कारमधला एकटा, म्हणून घरातलीही एकटी.

आमच्या घरात रमजानमध्ये सहरीच्या वेळी स्वयंपाकघरात तीन माणसे असतात. अम्मी कणीक मळते, पत्नी गॅसपाशी, मी चहा करतो. (चहाला कोणतीही उंची चालते.) माझ्या नकाशात समोरासमोर दोन ओटे होते आणि मध्ये अडीच फूट वाट. पत्नीने फक्त एवढेच विचारले, "फ्रिजचं दार उघडल्यावर अम्मींनी कुठे जायचं?" नकाशा फाडला. एकमेकांना लागून काटकोनात दोन ओटे काढले.

मग माणसे मोजली. पायापासून कोपरापर्यंत अम्मी ३६ इंच, पत्नी ४१. चिरायला आणि भाजी परतायला ओटा कोपराखाली पाचेक इंच लागतो. मळायला अंगाचा भार द्यायचा असतो, म्हणून आणखी खाली. गॅसचा ओटा ३६ वर नेला, अम्मीचा मळायचा ओटा ३० वर आणला आणि पिठाचा ड्रॉवर बरोबर त्याखाली ठेवला. तो बीचर बहिणींचा हिशोब, दीडशे वर्षांनंतरही चालतो.

लाकूडकामाचेही थोडे सांगतो, कुणाला करायचे असेल तर. आयएस ७१० शिक्क्याचे १८ मि.मी. प्लायवूड घेतले, ओल्या जागी स्वस्तातले घेऊ नका. पत्रा ८ बाय ४ फुटांचा. २४ इंचांच्या ओट्याखाली २२ इंच खोल पेट्या धरल्या, की रुंदीतून दोन पट्ट्या निघतात आणि उरलेली पावणेचार इंची पट्टी तळाला, पाय आत सरकायच्या जागेपाशी लागते. प्लायच्या दोन बाजूंचे ३६ मि.मी. मी आठवणीने वजा केले. पण ड्रॉवरच्या चॅनलला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच लागतो, हे विसरलो. तीन ड्रॉवर एक इंच मोठे झाले आणि तिन्ही पुन्हा कापावे लागले. गल्लीतले एक निवृत्त मिस्त्री रोज संध्याकाळी बघायला यायचे. ते म्हणाले, "मास्तर, चॅनल आधी विकत आणायचा, मग ड्रॉवर मापायचा." वर्गात हेच मी मुलांना वेगळ्या शब्दांत सांगत असतो.

सहा आठवडे लागले. एक दार अजून खाली घासते.

जुना नेमतखाना भंगारात द्यायचा विषय मी काढला, तेव्हा अम्मी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तो गॅलरीत होता आणि आत झाकलेले दही. त्याची एका बाजूची जाळी फाटली आहे. ती बदलायचे काम दिवाळीच्या सुट्टीत.