आजीची मिश्री आणि ओवळीची साल

आमच्या रत्नागिरीकडे पूर्वी दात घासायला आंब्याचं पान असायचं, नाहीतर भाताच्या तुसाची राखुंडी. हिरड्यांतून रक्त आलं, की ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्या सालीच्या काढ्यानं चुळा भरायच्या. साल तुरट, तिच्यातल्या टॅनिननं हिरड्या आवळतात. मग घराशेजारी ओवळ असताना माझी आजी मिश्री का लावायची? तर "हिरड्या घट्ट राहतात" म्हणूनच!

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. ती मुळात इथली नाहीच, पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दिसेनासं होतं, माणसाला वाटतं बरं झालं. आत रोग चालूच. आजीचे दात असेच एकेक हलून पडले, रक्ताचा थेंबही न दिसता.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं बंदी केली ती १९९२ मध्ये. एक उत्पादक त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला, आणि १९९७ मध्ये हरला. बरं झालं. पण घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री त्या बंदीत कशी येणार? आजी तर शेवटपर्यंत स्वतःच भाजायची.